फुलाच्या अंतरंगातून उलगडणारा वंशवृक्ष

पावसाळ्यात कोकणातील जांभ्या खडकाच्या सड्यांवर जागोजागी पाण्याची उथळ डबकी साचतात. या डबक्यांत गवताच्या कोवळ्या पात्यांसारखी दिसणारी, जेमतेम काही सेंटिमीटर उंचीची एक वनस्पती उगवते. पाऊस सरला आणि डबके आटले की तिचे आयुष्यही संपते. वाटसरूच्या नजरेत ती भरतही नाही. एस. आर. यादव आणि एम. के. जनार्थनम् या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि ‘ट्रायथुरिया कोंकणेन्सिस’ असे तिचे नामकरण केले. या एका नोंदीमुळे नवी जाती तर मिळालीच, शिवाय ‘हायडॅटेलेसी’ हे संपूर्ण कुल भारताच्या वनस्पतिसूचीत प्रथमच दाखल झाले.

त्या काळी हे कुल गवतांच्या आप्तांमध्ये गणले जात होते. पाती बारीक, फुले सूक्ष्म आणि पाकळ्या नावालाही नाहीत. मग दुसरे काय म्हणणार? मात्र २००७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने हा समज मोडीत काढला. हायडॅटेलेसीचा गवतांशी काहीही निकटचा संबंध नसून, ते कुल वॉटर लिलीचे, म्हणजे आपल्या कुमुदाचे सख्खे आप्त आहे, असे त्यातून सिद्ध झाले. सपुष्प वनस्पतींच्या वंशवृक्षावर एका टोकाच्या डहाळीवर बसवलेले हे कुल थेट बुंध्याजवळच्या फांदीवर आणावे लागले.

एवढी मोठी चूक झाली कशी आणि ती दुरुस्त कशी झाली, या प्रश्नाचे उत्तर फुलाच्या शरीररचनेत दडलेले आहे.

फुलाचे विच्छेदन

फुलाची शरीररचना म्हणजे केवळ पाकळ्या आणि केसर मोजणे नव्हे. ती मोजणी स्वीडनच्या लिनियसने अठराव्या शतकातच केली होती. पुंकेसर किती आणि स्त्रीकेसर किती, यावर त्याने वनस्पतींचे वर्ग पाडले. ही पद्धत सोपी होती; पण केवळ आकडा जुळला म्हणून एकमेकांशी काही नाते नसलेल्या वनस्पती तीत शेजारी येऊन बसत.

शरीररचनेचा अभ्यासक फुलाच्या आत उतरतो. कळी प्रथम रसायनात मुरवून तिच्यातील पेशी आहेत तशा स्थिर केल्या जातात. मग चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून तिच्यातील पाणी काढून टाकतात आणि तिला मेणाच्या वडीत बसवतात. मायक्रोटोम नावाच्या यंत्राने त्या वडीचे साधारण १० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतक्या जाडीचे काप काढले जातात. दोन मिलिमीटरच्या कळीचे असे २०० काप होतात. ते क्रमाने काचपट्टीवर मांडून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली एकामागून एक पाहिले की कळीचा अंतर्भाग तळापासून टोकापर्यंत वाचता येतो. कोणता अवयव कोठून निघाला, त्याला अन्नपाणी पुरवणाऱ्या वाहिन्यांचे किती वृंद मिळाले, कोणते भाग आरंभापासून जोडलेले होते आणि कोणते मागाहून चिकटले, हे त्यातून कळते. आता इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि क्ष-किरणांवर चालणारे त्रिमितीय चित्रण हाताशी असले, तरी मेणातील कापांची पद्धत कालबाह्य झालेली नाही.

या अभ्यासात सर्वाधिक महत्त्व किंजदलाला आहे. ज्याच्या पोटात बीजांडे सुरक्षित असतात, ते हे स्त्री-अवयवाचे एकक. बीज असे झाकलेले असते म्हणूनच सपुष्प वनस्पतींना ‘आवृतबीज’ म्हणतात. त्यामुळे किंजदल बंद कसे होते, हा या साऱ्या वनस्पतिसमूहाच्या व्याख्येशीच निगडित असलेला प्रश्न ठरतो.

स्वामींचे योगदान

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आर्थर ईम्स आणि आय. डब्ल्यू. बेली या अमेरिकी शास्त्रज्ञांनी फुलांच्या आणि लाकडाच्या शरीररचनेवरून वंशवृक्षाचा मूळ भाग शोधण्याचा प्रयत्न केला. या कार्यात भारतीयांचा वाटा मोठा आहे. बंगळुरूचे बी. जी. एल. स्वामी हार्वर्डमध्ये बेली यांच्यासमवेत काम करीत होते. पुढे मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयाचे प्राचार्य झालेले हे स्वामी कन्नड साहित्यातही तेवढेच नामवंत. वनस्पतींवरील ‘हसुरु होन्नु’ या ग्रंथाला १९७८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

बेली आणि स्वामी यांनी १९४८ मध्ये प्रशांत महासागरातील न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या ‘अँबोरेला’ या झुडपाच्या शरीररचनेवर निबंध लिहिला. बहुतेक सपुष्प वनस्पतींच्या लाकडात पाणी वाहून नेणाऱ्या रुंद नलिका असतात. अँबोरेलात त्या नाहीत, हे त्यांनी दाखवून दिले. त्यानंतर १९५१ मध्ये याच जोडीने किंजदलाविषयीचा आपला प्रसिद्ध सिद्धांत मांडला. फिजी बेटांवरील ‘डिजनेरिया’ या वृक्षासारख्या वनस्पतींचे किंजदल मधोमध दुमडलेल्या पानासारखे असते. दोन्ही कडा समोरासमोर येतात आणि बीजांडे आत राहतात. हेच किंजदलाचे मूळ रूप असावे, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्या काळात सोनचाफ्याच्या कुलातील मोठी, अनेक पाकळ्यांची, लांब आसावर सर्पिल रचना असलेली फुलेच सर्वांत जुनी, असे बहुतेक अभ्यासक मानत. डिजनेरियाचे दुमडलेले किंजदल त्या चित्रात चपखल बसत होते.

१९९९ चा धक्का

पुढे डीएनएच्या अभ्यासाचे युग अवतरले. अनेक स्वतंत्र संशोधकगटांनी १९९९ मध्ये आपापले निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि ते जवळजवळ एकच निघाले. आज जिवंत असलेल्या सपुष्प वनस्पतींत मूळ खोडापासून सर्वांत आधी विलग झालेली शाखा अँबोरेलाची. त्यानंतर वॉटर लिलीची आणि त्यानंतर चक्रीफुलाच्या आप्तांची. सोनचाफा, सीताफळ, जायफळ, दालचिनी आणि मिरी यांचा ‘मॅग्नोलिड’ समूह त्याच्या पुढचा. ज्या अँबोरेलाचे काप बेली आणि स्वामी यांनी अर्धशतकापूर्वी पाहिले होते, तेच झुडूप वंशवृक्षाच्या पहिल्या फांदीवर जाऊन बसले!

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ‘आधी विलग झालेली शाखा’ म्हणजे ‘मागासलेली वनस्पती’ नव्हे. अँबोरेला हा आंब्याचा किंवा गुलाबाचा पूर्वज नाही. तोही आंब्याइतकाच आजचा आहे. फक्त त्याचे घराणे फार पूर्वी वेगळे झाले. मात्र आधी वेगळ्या झालेल्या घराण्यांत जे गुण समान आढळतात, ते सर्वांच्या मूळ पूर्वजातही असण्याची शक्यता अधिक. हे समान गुण कोणते, हे सांगणे डीएनएच्या आवाक्याबाहेरचे होते. त्यासाठी पुन्हा फुलेच कापावी लागली.

स्वित्झर्लंडमधील झुरिच विद्यापीठाचे पीटर एंड्रेस आणि त्यांचे सहकारी अँटन इगरशाइम यांनी आद्य शाखांतील वनस्पतींच्या जायांगाचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यांचा २००० मधील निबंध या विषयातील मैलाचा दगड मानला जातो. अँबोरेलाचे किंजदल दुमडलेल्या पानासारखे नसून तोंड अरुंद असलेल्या पिशवीसारखे आहे. त्या तोंडाच्या कडा एकमेकींना जुळलेल्या नसतात; फट केवळ चिकट स्रावाने भरलेली असते. सोनचाफ्याच्या कुलात मात्र या कडांच्या पेशी एकमेकींत गुंतून, शिवण घालावी तशा जुळतात. आद्य शाखांतील अनेक वनस्पतींत स्रावाने बंद होणारे किंजदल आढळल्यामुळे, बीज झाकण्याची आरंभीची पद्धत ‘शिवण्याची’ नसून ‘चिकटवण्याची’ असावी, असे मत पुढे आले. बेली-स्वामींच्या सिद्धांतावर त्यामुळे मर्यादा आल्या. त्यांनी केलेली निरीक्षणे मात्र आजही ग्राह्य आहेत.

त्याहून खोलवरचा पुरावा बीजांडातील भ्रूणकोशात मिळाला. बहुसंख्य सपुष्प वनस्पतींच्या भ्रूणकोशात सात पेशी आणि आठ केंद्रके असतात. जोसेफ विल्यम्स आणि विल्यम फ्रीडमन यांनी २००२ मध्ये दाखवले की वॉटर लिलीच्या आप्तांपैकी ‘न्यूफर’मध्ये चारच पेशी आणि चारच केंद्रके असतात. चक्रीफुलाच्या आप्तांतही हाच प्रकार. अँबोरेलात तर आठ पेशी आणि नऊ केंद्रके, असा आगळाच प्रकार फ्रीडमन यांना २००६ मध्ये आढळला. ज्या रचनेला पाठ्यपुस्तके ‘नेहमीची’ म्हणत आली, ती नेहमीची होण्यापूर्वी निसर्गाने इतर मांडण्याही करून पाहिल्या होत्या, असा याचा अर्थ.

कमळ आणि कुमुद

बाह्यरूप किती फसवते, याचे उदाहरण आपल्या तळ्यांतच आहे. कमळ आणि कुमुद ही दोन्ही पाण्यात वाढतात, दोघांची पाने गोल, दोघांच्या पाकळ्या अनेक. बेंथम आणि हूकर यांच्या एकोणिसाव्या शतकातील वर्गीकरणात ती एकाच कुलात होती. अंतरंग पाहिले तर दोघांत साम्य शोधावे लागते. कुमुदाची किंजदले एकमेकांना जुळून वर्तुळ करतात आणि बीजांडे त्यांच्या आतील भिंतींवर विखुरलेली असतात. कमळात प्रत्येक किंजदल सुटे असते आणि ते पुष्पासनाच्या खळग्यात एकेकटे बसते. कमळाचा तो शॉवरच्या झारीसारखा भाग बाजारात पाहिलेला असेलच. कुमुदाच्या परागकणाला एकच चीर असते, तर कमळाच्या परागकणाला तीन. ही तीन चिरांची खूण द्विदल वनस्पतींच्या प्रचंड मोठ्या, पुढच्या समूहाची. डीएनएनेही तोच कौल दिला. कमळाचे जवळचे आप्त निघाले काश्मीरचा चिनार आणि रस्त्याकडेला लावला जाणारा सिल्व्हर ओक.

आत आणि बाहेर

आता पुन्हा ट्रायथुरियाकडे वळू. या प्रजातीचे पहिले वर्णन जोसेफ हूकर यांनी १८५८ मध्ये टास्मानियाच्या वनस्पतींवरील ग्रंथात केले. या हूकर यांनाच चार्ल्स डार्विन यांनी १८७९ मध्ये एक पत्र लिहिले आणि सपुष्प वनस्पतींचा झपाट्याने झालेला उदय हे आपल्याला न सुटलेले कोडे असल्याची कबुली दिली. त्या कोड्याचा एक दुवा हूकर यांनीच २१ वर्षांपूर्वी हाताळला होता, याची कल्पना दोघांनाही असणे शक्य नव्हते.

शंकेची पहिली पाल शरीररचनेच्या अभ्यासातच चुकचुकली होती. जर्मनीचे उलरिक हामान यांनी बीजाचे बारकाईने परीक्षण केले, तेव्हा गवतांसारखा पुष्कातील अन्नसाठा त्यांना दिसला नाही. येथे अन्न साठवले जाते ते मातेच्याच ऊतीपासून बनलेल्या परिपुष्कात. या आणि अशा इतर भेदांमुळे त्यांनी १९७६ मध्ये हायडॅटेलेसी हे स्वतंत्र कुल केले. परिपुष्क हे कुमुदाच्या बीजाचेही वैशिष्ट्य. तरीही बाह्यरूपाचा पगडा एवढा, की २००३ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातही हे कुल गवतांच्याच गणात राहिले. डीएनएने योग्य पत्ता सांगितल्यावर सारे पुरावे पुन्हा तपासले गेले. चार केंद्रकांचा भ्रूणकोश, एका चिरेचे परागकण, पिशवीसारखे किंजदल असे एकेक चिन्ह जुळत गेले. २००९ च्या वर्गीकरणात हे कुल अधिकृतपणे कुमुदाच्या गणात आले.

तरी एक गाठ सुटलेली नाही. जवळजवळ प्रत्येक द्विलिंगी फुलात पुंकेसर बाहेर आणि किंजदले मध्यभागी असतात. ट्रायथुरियाच्या ज्या जातींत दोन्ही अवयव एकत्र असतात, त्यांत क्रम उलटा आहे. पुंकेसर मधोमध आणि किंजदले त्याच्या भोवती! असा उलटा क्रम नियमितपणे आढळणारी दुसरी ज्ञात वनस्पती म्हणजे मेक्सिकोतील ‘लाकांडोनिया’. मग याला फूल म्हणायचे का? लंडनच्या क्यू उद्यानातील पॉला रुडॉल आणि मॉस्को विद्यापीठातील दिमित्री सोकोलोफ व मार्गारिटा रेमिझोवा यांनी सहकाऱ्यांसह या रचनेचा सखोल अभ्यास केला. तिचे दोन-तीन अर्थ संभवतात. एक, हे आतबाहेर उलटलेले फूल आहे. दोन, झेंडू किंवा सूर्यफुलाप्रमाणे हा अनेक सूक्ष्म फुलांचा गुच्छ असून, प्रत्येक फुलात एकच अवयव उरला आहे. तीन, फूल आणि फुलोरा हा भेद जेथे पुरता स्पष्ट नाही, अशी ही रचना आहे. म्हणूनच हे अभ्यासक तिला फूल न म्हणता ‘प्रजनन एकक’ म्हणतात.

पुराव्याच्या मर्यादा

शरीररचनेचा पुरावा अचूक असतोच असे नाही. अवयव नष्ट झाला तरी त्याला अन्न पुरवणाऱ्या वाहिन्या मागे उरतात आणि त्या फुलाचा इतिहास सांगतात, असे एकेकाळी ठामपणे मानले जाई. अमेरिकेचे शर्विन कार्लक्विस्ट यांनी ‘फायटोमॉर्फोलॉजी’ या दिल्लीहून निघणाऱ्या नियतकालिकात या समजुतीवर कठोर टीका केली. वाहिन्या आजच्या गरजेनुसार घडतात, त्यांना जुन्या दस्तऐवजाचा मान देऊ नये, असा त्यांचा मुद्दा होता. शिवाय एकच गुण वेगवेगळ्या घराण्यांत स्वतंत्रपणेही उद्भवतो.

हा वाद आजही मिटलेला नाही. हर्वे सोके आणि अनेक देशांतील त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये शेकडो जातींच्या फुलांची माहिती एकत्र करून मूळ पूर्वजाच्या फुलाचे चित्र उभे केले. ते फूल द्विलिंगी असावे आणि त्याची परिदले तीन-तीनच्या मंडलांत मांडलेली असावीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. सोकोलोफ, रुडॉल आदींनी २०१८ मध्ये त्याला आक्षेप घेतला. फुलाच्या सर्व भागांची रचना मंडलाकार धरली, तर शरीररचनेच्या ज्ञात नियमांशी ती जुळत नाही, असे त्यांचे म्हणणे. संगणकाने काढलेले चित्र तपासण्याचे काम अखेर फुलाची ओळख असणाऱ्यांकडेच आले.

मसाल्याच्या डब्यातील प्रयोगशाळा

या विषयाची तोंडओळख करून घेण्यासाठी न्यू कॅलेडोनियाला जाण्याची आवश्यकता नाही. मसाल्याच्या डब्यातील चक्रीफूल हातात घ्यावे. त्याचा प्रत्येक पाकळीसारखा भाग म्हणजे एकेक सुटे किंजदल. एका कडेने उकललेले आणि आत एक चकचकीत बी. सीताफळाचा प्रत्येक डोळा एका किंजदलापासून बनलेला; येथे सुटी किंजदले फळ धरताना एकमेकांना जुळून येतात. सोनचाफ्याच्या फुलातील पाकळ्या बाजूला केल्या की मधल्या दांडीवर सर्पिल मांडणी दिसते. मिरीच्या फुलाला पाकळ्याच नसतात. दालचिनीच्या फुलातील परागकोश फाटण्याऐवजी झडपेसारखे उघडतात. पदार्थांची चव वाढवणाऱ्या या वनस्पती सपुष्पांच्या इतिहासातील पहिल्या काही प्रकरणांच्या साक्षीदार आहेत.

डबके उरले तर...

ट्रायथुरियाच्या डझनभर ज्ञात जातींपैकी बहुतेक ऑस्ट्रेलियात आहेत, एक न्यूझीलंडमध्ये आणि एक कोकणात. कोकणातील जातीचे निकटचे नातलग उत्तर ऑस्ट्रेलियात आढळतात. खंड विलग झाले तेव्हा ही ताटातूट झाली असेल, असे कोणालाही वाटेल. मात्र २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ती भूशास्त्रीय मापाने फारच अलीकडची आहे. म्हणजे समुद्र ओलांडूनच ही वनस्पती येथे आली असली पाहिजे. घराणे कोट्यवधी वर्षांचे, पण कोकणातला मुक्काम नवा!

हा मुक्काम ज्या डबक्यांत आहे, त्या सड्यांकडे ‘पडीक जमीन’ म्हणूनच पाहिले जाते. चिरेखाणी, सुरुंग लावून केलेल्या आंबा-काजूच्या बागा, रस्ते आणि बांधकामे यांसाठी सडे फोडले जातात. वृक्ष तुटला तर निदान ओरड होते. वितभर खोलीचे डबके बुजले, तर त्याची नोंदही होत नाही.

दुसरी हानी प्रयोगशाळेतील आहे. डीएनएचा क्रम यंत्र वाचते. कळी मुरवून, कापून, दोनशे काप क्रमाने वाचण्याची दृष्टी मात्र वर्षानुवर्षांच्या सरावाने येते. पंचानन माहेश्वरी, व्ही. पुरी आणि स्वामी यांच्या पिढीने या विद्येत भारताचे नाव जगभर नेले होते. हायडॅटेलेसीच्या प्रकरणात शंका घेतली ती सूक्ष्मदर्शकाने, पत्ता शोधला तो डीएनएने आणि ओळख पटवली ती पुन्हा सूक्ष्मदर्शकाने. उलटलेल्या त्या ‘फुला’चा उलगडा व्हायचा असेल, तर दोन्ही हात लागतील. आणि पावसाळ्यात सड्यावर ते डबकेही असावे लागेल.